सोयाबीनच्या मुलखातलं सोयामुक्त खाद्य

ऑक्टोबरमध्ये उज्जैनच्या आगर रोडने चिमनगंज मंडीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत बहुतेक एकच माल असतो, तो म्हणजे सोयाबीन. तराना, घट्टिया, महिदपूर, बडनगर, खाचरोद, कुठूनही या, पावसाळाभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच पीक उभं असतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तेच मंडीत येऊन पडतं. अशा शहरात परसात पंचवीस-तीस कोंबड्या पाळणाऱ्याने ‘सोयाबीन नसलेलं, सेंद्रिय आणि खिशाला झेपेल असं खाद्य कुठे मिळेल?’ असं विचारलं, तर दुकानदार बुचकळ्यात पडतो. त्याच्याकडे ‘लेअर मॅश’ची पोती असतात. त्यांत मका असतो, कोंडा असतो, चुनखडी असते आणि प्रथिनांचा मुख्य भार सोयाच्या डीओसीवर, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीवर असतो. सोया वगळलेलं सेंद्रिय खाद्य पोत्यात भरून सहज मिळत नाही, आणि कुणी दूरवरून मागवलंच तर वाहतुकीचा खर्च खाद्याच्या किमतीला टेकतो.

तरीही ते खाद्य उज्जैनमध्येच आहे. फक्त ते एका पोत्यात नाही. थोडं दाळ मिलमध्ये, थोडं लाकडी घाणीवर, थोडं फुटाणे भाजणाऱ्याच्या भाडाशी आणि थोडं ज्याने अजून ज्वारी-मका सोडलेला नाही अशा शेतकऱ्याच्या खळ्यात. ते गोळा करून परवडतं का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पोत्याच्या भावात शोधायचं नसून अंड्यामागे किती खाद्य लागलं यात शोधायचं, असं माझं ठाम मत आहे. पण आधी सोया इतका अपरिहार्य कसा झाला ते पाहायला हवं.

अंड्यावर आलेली कोंबडी हे फार मेहनती जनावर आहे. पंचावन्न ग्रॅमच्या एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम. हे सगळं तिला रोजच्या शंभर-सव्वाशे ग्रॅम खाण्यातून काढायचं असतं. म्हणून तिच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम आणि किलोमागे २६०० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा लागते. प्रथिनं नुसती मोजूनही भागत नाही. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन आणि मेथिओनिन ही दोन कोंबडीला हमखास कमी पडतात. धान्यात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी. यांपैकी एक जरी अपुरं असलं तरी बाकीची प्रथिनं वाया जातात आणि अंडं लहान होतं किंवा थांबतं.

सोयाच्या डीओसीत ४५ ते ४८ टक्के प्रथिनं असतात, लायसिन भरपूर असतं आणि माल बाराही महिने जवळपास सारखा येतो. उणीव फक्त मेथिओनिनची. तिथे कारखानदार कृत्रिम मेथिओनिनची भुकटी टाकून मोकळा होतो. मका, सोया आणि ही भुकटी अशा तीन गोष्टींवर आजचा जगभरचा अंड्यांचा धंदा उभा आहे.

भारतात मात्र कोंबडखाद्यातली मुख्य पेंड पूर्वी भुईमुगाची होती, जोडीला सुकी मासळी. तिची जागा सोयाने घेतली त्यामागे एक जुनी दुर्घटना आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. रोग कळेना. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग पोचला. त्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीने तयार केलेलं विष पक्ष्यांचं यकृत निकामी करत होतं. त्या विषाचं नाव अफलाटॉक्सिन. भुईमुगाची शेंग जमिनीत वाढते, काढणीला पाऊस लागला की बुरशी धरते. त्यामुळे पुढे या पेंडीकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं आणि सोयाची पेंड मिळू लागताच खाद्यवाल्यांनी तिकडे मोर्चा वळवला.

ती मिळू लागली ती मुख्यतः माळव्यातून. इथल्या काळ्या, चिकट जमिनीत पावसाळ्यात पाय रुतायचा, म्हणून मोठ्या क्षेत्रावर शेतकरी खरिपात रान मोकळं ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घेत. १९६४ मध्ये जबलपूरला स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सोयाबीनचे प्रयोग केले आणि मोकळ्या रानाला पावसाळी पीक मिळालं. १९७० च्या सुमारास देशात सोयाबीनखाली जेमतेम तीस हजार हेक्टर होते. आज ते सव्वा कोटी हेक्टरांच्या आसपास आहेत. सोया प्रक्रियादारांची संघटना १९७९ साली इंदूरला उभी राहिली, १९८७ साली राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्रही इंदूरलाच आलं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. बाकी सगळी पेंड. त्यामुळे हा कारखाना तेलाचा म्हटला तरी वजनाने पेंडीचाच, आणि त्या पेंडीला गिऱ्हाईक कोंबडी.

या पिकाने माळव्याच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा आणला, हे मान्य करायलाच हवं. पण मोकळं रान भरून झाल्यावर ते थांबलं नाही. ज्वारी, तीळ, भुईमूग, तूर, उडीद, मूग यांच्या वाट्याची जमीनही त्याने घेतली. सोयामुक्त खाद्य महाग पडण्याचं मूळ कारण हे आहे. कोंबडीला सोयाच्या जागी जे घालायचं तेच आसपास पिकेनासं झालं. तिळाची पेंड बुंदेलखंडाकडून, भुईमुगाची शिवपुरीकडून आणावी लागते. पन्नास वर्षांपूर्वी यातलं बरंच काही गावच्या घाणीवर मिळालं असतं.

मग सोया टाळायचाच कशाला? नीट भाजलेली किंवा शिजवलेली सोयापेंड कोंबडीला बाधत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने जातात. सोयामधली आयसोफ्लेव्होन्स नावाची द्रव्यं अंड्याच्या बलकात थोड्या प्रमाणात उतरतात, हे तपासण्यांत दिसलेलं आहे. त्याने खाणाऱ्याला अपाय होतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. जनुकबदल केलेल्या बियाण्याची भीती असेल, तर भारतात तसल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही. अपवाद घडला तो आयातीत. २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव दुपटीच्याही पुढे गेले, पोल्ट्रीवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. ती कुठल्या पोत्यात गेली हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नव्हता. ज्याला सोयाची ॲलर्जी आहे, ज्याला एकाच पिकावर आपलं खुराडं टांगून ठेवायचं नाही, किंवा ज्याला आपल्या कोंबडीने काय खाल्लं हे नक्की माहीत असावं असं वाटतं, त्याने सोया सोडण्यात अर्थ आहे. मला स्वतःला शेवटची दोन कारणं सगळ्यात वजनदार वाटतात.

‘सेंद्रिय’ या शब्दामुळे आणखी एक अडचण येते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल काढलेली पेंड सेंद्रिय खाद्यात चालत नाही. शुद्ध स्वरूपातली अमिनो आम्लं, वाढीची कृत्रिम औषधं, कृत्रिम रंग हेही चालत नाहीत. बाजारातली डीओसी द्रावकानेच काढलेली असते, त्यामुळे ती दोन्ही अंगांनी बाद. मेथिओनिनची भुकटीही बाद. सेंद्रिय सोयापेंड या देशात बनत नाही असं नाही. प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेश देशात सगळ्यात पुढे आहे आणि भारताची सेंद्रिय सोयापेंड अनेक वर्षं अमेरिकेतल्या सेंद्रिय कोंबड्यांच्या पुढ्यात पडत होती. इतकी की तिथल्या उत्पादकांनी ती फार स्वस्तात येते अशी तक्रार केली आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेने तिच्यावर जादा शुल्क लावलं. आपल्या मातीतलं सेंद्रिय खाद्य साता समुद्रापार जातं आणि उज्जैनमधल्या माणसाला दहा किलो मिळायची मारामार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर खाद्य जुळवायचं कसं? सुरुवात हरभऱ्यापासून करावी. माळव्यात रब्बीला गव्हाखालोखाल हरभराच. त्यात वीसेक टक्के प्रथिनं असतात आणि धान्यात कमी पडणारं लायसिन यात चांगलं असतं. पण अख्खा चांगला हरभरा कोंबडीला घालणं परवडत नाही, कारण या प्रदेशात शेव खाणारी माणसं त्याला जास्त भाव देतात. हिशेबच मांडू. २०२४-२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्यामागून आलेल्या रब्बीत हरभऱ्याचा ५,६५० रुपये. सोयाबीनमध्ये ३८ टक्के प्रथिनं धरली तर एक किलो प्रथिन पडतं १२९ रुपयांना. हरभऱ्यातून तेच २८२ रुपयांना. दुपटीहून जास्त. त्यात त्या वर्षी मंडीत सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकलं गेलं. म्हणून अख्खं कडधान्य सोडून त्याच्या चुऱ्याकडे वळायचं. इंदूर हे दाळ मिलचं मोठं केंद्र आहे आणि उज्जैनहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तूर, हरभरा, मसूर यांची डाळ करताना तुकडा, पावडर आणि टरफल मिळून जी चुनी निघते ती गुरांसाठी विकली जाते. कोंबडीला टरफल पचत नाही, म्हणून चाळून टरफल काढलेला तुकडाच घ्यावा. फुटाणेवाल्याच्या भाडाशी उरणारा चुरा तर सगळ्यात उत्तम, कारण तो भाजलेला असतो आणि कच्च्या हरभऱ्यातले पचन अडवणारे घटक त्या आचेने बरेचसे गेलेले असतात.

हरभऱ्यात मेथिओनिन तोकडं, ते भरून काढते तिळाची पेंड. वनस्पतीजन्य खाद्यांत मेथिओनिनच्या बाबतीत तिच्या बरोबरीचं फार थोडं आहे, आणि जिथे सोयाही उणा पडतो तिथेच ही उजवी ठरते. तिच्यात लायसिन कमी असतं, म्हणजे हरभऱ्याला तीळ पुरा आणि तिळाला हरभरा. आपल्या स्वयंपाकघरात बाजरीची भाकरी तीळ लावून थापतात आणि सोबत डाळ असते; अमिनो आम्लांची नावं कुणाला ठाऊक नसतानाही जमलेला तो मेळ इथे खुराड्यात उपयोगी पडतो. तिळातली ऑक्झलेट आणि फायटेट ही द्रव्यं कॅल्शियम व जस्त अडवून ठेवतात, त्यामुळे शंभर किलोत दहा-बारा किलोंच्या वर ही पेंड नको. घाणीची पेंड घ्यावी. तिच्यात आठ-दहा टक्के तेल उरतं, ते ऊर्जेला कामी येतं, आणि द्रावकाचा प्रश्न येत नाही. तेच कारळ्याच्या पेंडीचं. मध्य प्रदेशात रामतिल म्हणून ओळखलं जाणारं हे पीक मंडला-दिंडोरी-छिंदवाड्याचे आदिवासी शेतकरी डोंगरउतारावर घेतात, बहुधा रासायनिक खताशिवायच. ती पेंड मिळाली तर सोडू नये.

भुईमुगाची पेंड घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं. ताजी, कोरडी, कुबट वास नसलेली, आणि शंभर किलोत आठाच्या वर नाही. भारतीय मानकांत कोंबडखाद्यातल्या अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम इतकीच आहे, आणि हे विष डोळ्यांना दिसत नाही, भाजूनही जात नाही. पावसाळ्यात ही पेंड वगळलीच तर उत्तम. मोहरीची पेंड तीन-चार किलोंपर्यंत ठीक. जास्त झाली तर तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांच्या अंड्याला माशासारखा वास येतो. जवसाच्या पेंडीचंही तसंच, थोडी चांगली आणि फार वाईट. सरकीची पेंड मात्र नकोच. तिच्यातल्या गॉसिपॉलने बलक हिरवट-तपकिरी पडतो, शिवाय आपल्याकडचा जवळजवळ सगळा कापूस बीटी असल्यामुळे ती सेंद्रिय नियमात बसतच नाही.

धान्यात मका पहिला, कारण ऊर्जा सगळ्यात जास्त आणि बलकाला पिवळा रंगही. झाबुआ-धारच्या बाजूला मका अजून भरपूर होतो. पण अलीकडे मक्यापासून इथेनॉल काढू लागल्यापासून त्याचा भाव पूर्वीसारखा राहिलेला नाही. तिथे ज्वारी मदतीला येते. पांढरी ज्वारी मक्याच्या निम्म्या भागाला खुशाल चालते. तिच्यात पिवळा रंग नसतो, इतकाच फरक. तो रंग हिरव्या चाऱ्यातून द्यावा. शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथी-पालकाची देठं, किंवा झेंडूच्या पाकळ्या. झेंडूतलं ल्युटिन बलकाला सुरेख केशरी करतं, मोठे कारखानेसुद्धा झेंडूचाच अर्क वापरतात. उज्जैनमध्ये देवळांत रोज झेंडूच्या फुलांचे ढीग उतरतात, पण बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते. ते निर्माल्य खताला द्यावं, कोंबड्यांना नाही. दारात चार ओळी झेंडू लावणं काही अवघड नाही.

हे सगळं एका घाणात असं बसतं: मक्याचा भरडा ४० किलो, गव्हाचा तुकडा १०, भाजलेला हरभऱ्याचा चुरा १६, तिळाची पेंड १०, भुईमुगाची ८, मोहरीची ३, जवसाची ३, चुनखडीचे किंवा शिंपल्याचे खडे ९, आणि खनिज मिश्रण व मीठ मिळून १ किलो. बेरीज शंभर. प्रथिनं साधारण साडेसोळा-पावणेसतरा टक्के भरतात, मेथिओनिन ०.३ टक्क्याच्या आसपास, लायसिन ०.६ च्या थोडं वर. कारखान्यातल्या संकरित कोंबडीला हे किंचित कमी पडेल. मोकळी फिरून किडे-पाला खाणाऱ्या, वर्षाला दीड-दोनशे अंडी देणाऱ्या कोंबडीला पुरतं. भरडा जाडच ठेवावा, पिठाची भुकटी केली तर कोंबड्या ती टाळतात आणि पाण्याच्या भांड्यात तिचा चिखल होतो. चुनखडीही पीठ न करता दोन-चार मिलिमीटरच्या खड्यांची असावी. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री बनतं आणि खडे पोटात हळूहळू विरघळत रात्रभर कॅल्शियम पुरवतात. ही एकच गोष्ट पाळली तर पातळ कवचाची निम्मी तक्रार मिटते.

प्रथिनांची आणखी एक वाट आहे ती किड्यांची. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत सुकवल्यावर चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, कॅल्शियमही भरपूर, आणि त्या स्वयंपाकघरातल्या भाजीपाल्याच्या कचऱ्यावर वाढतात. आफ्रिकेत बुर्किना फासो, टोगो इथले शेतकरी मडक्यात ओलसर शेण आणि पेंढा भरून ते वाळवीच्या वारुळावर पालथं घालतात आणि दुसऱ्या दिवशी वाळवीसकट कोंबड्यांपुढे झटकतात. पंचवीस कोंबड्यांच्या कळपाला असा एखादा जोड नक्की जमण्यासारखा आहे. अझोल्याचं कौतुक मात्र जरा बेतानेच करावं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. हिरवा चारा म्हणून उत्तम, पेंडीला पर्याय म्हणून नाही.

आता परवडण्याकडे येऊ. अंड्याच्या उत्पादनखर्चात दोन तृतीयांशांच्या आसपास वाटा खाद्याचा असतो. समजा, वर सांगितलेलं मिश्रण किलोला चाळीस रुपयांना पडलं. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-३०० ही कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाऊन वर्षाला सव्वातीनशेच्या घरात अंडी देते. अंड्यामागे सव्वाशे ग्रॅम खाद्य, म्हणजे पाच रुपये. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो वर्षाला ऐंशी-शंभर अंडी देतो. तो कमी खातो, रोज ८५ ग्रॅम धरले तरी अंड्यामागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास खाद्य आणि चौदा रुपये. या दोघांच्या मधे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली ग्रामप्रिया बसते. घरच्या सांभाळात तिची १७० अंडी धरली आणि पंधरा टक्के पोट तिने बाहेर चरून भरलं, तर अंड्यामागे दोनशे ग्रॅम, आठ रुपये. खाद्याचा भाव किलोमागे पाच रुपयांनी वाढला तर ग्रामप्रियाच्या अंड्यावर फरक एक रुपयाचा. पण जात चुकली तर फरक सहा रुपयांचा. माणसं पेंडीच्या भावात घासाघीस करतात आणि खुडूक बसणाऱ्या, वर्षात तीन महिने अंडंच न देणाऱ्या कोंबडीला वर्षभर महाग खाद्य घालतात. कडकनाथ मांसासाठी किंवा जातीच्या प्रेमाने जरूर पाळावा. सोयामुक्त सेंद्रिय अंड्याचा हिशेब त्याच्यावर जमत नाही.

चराईचाही वाटा मोठा आहे. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात गहू निघाला की रानात सांडलेलं धान्य, तणाचं बी, किडे राहतात आणि पुष्कळ शेतकरी त्या धसकटांना, इथल्या भाषेत नरवाईला, काडी लावतात. धूर, मातीचं नुकसान, आगीचे अपघात हे सगळं त्यातून येतं. त्या रानात महिनाभर कोंबड्या सोडल्या, शेतकऱ्याशी तसं बोलून ठेवलं, तर वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्याचं निम्मं खाद्य फुकट मिळतं आणि रानाला विष्ठेचं खत. मात्र फवारणी झालेलं रान टाळावं.

स्वस्त मालाच्या मागे लागताना एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मंडीतली चाळण, म्हणजे धान्य चाळून खाली उरलेला कचरा, फार स्वस्त मिळते. तिच्यात धोत्र्याचं बी असू शकतं. त्याहून वाईट म्हणजे पेरून उरलेलं, औषध लावलेलं गुलाबी किंवा निळसर बियाणं त्यात मिसळलेलं असू शकतं. सोयाबीन, मका, गहू यांच्या बियाण्याला लावतात त्या थायरम या बुरशीनाशकाने कोंबडीची अंडी मऊ कवचाची आणि वेडीवाकडी होतात, पिल्लांचे पाय वाकतात. माणसं कॅल्शियम वाढवत बसतात आणि दोष बियाण्यात असतो. रंगीत दाणा दिसला की अख्खं पोतं परत करावं.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. निर्यातीसाठी लागणारं त्रयस्थ संस्थेचं प्रमाणन परसातल्या कळपाला झेपत नाही. पण २०११ पासून चालू असलेल्या पीजीएस-इंडिया पद्धतीत गावातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करतात आणि खर्च नगण्य असतो. अशा गटात मका, ज्वारी, हरभरा, तीळ पिकवणारे चौघे आणि कोंबड्या पाळणारा पाचवा असेल, तर खाद्य आणि अंडी दोन्हींचा माग गटातच राहतो. तिथे तीळ आणि ज्वारीला ठरलेलं गिऱ्हाईक मिळतं, म्हणून शेतकरी एखादा एकर सोयाबीनमधून मोकळा करायला तयार होतो. उज्जैनचं कृषी विज्ञान केंद्र ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे; माती, बियाणं आणि कोंबड्यांच्या जाती यांची चौकशी तिथे करता येते.

खरेदीची वेळ साधली तर भाव आपोआप उतरतो. मका नोव्हेंबरात, ज्वारी आणि तीळ त्याच्या आगेमागे, हरभरा व मसूर मार्च-एप्रिलमध्ये. धान्य उन्हात वाळवून, दाणा दाताखाली कटकन फुटेल इतका कोरडा करून सहा महिन्यांचं भरून ठेवता येतं. घाणीची पेंड मात्र साठवू नये. तिच्यातलं तेल पावसाळ्याच्या दमटपणात खवट होतं, तेव्हा पंधरा दिवसांपुरतीच आणावी आणि मिश्रणही तेवढंच करावं. घाणीवाल्याशी महिन्याचा बोलीचा भाव ठरवला, तर तोही उन्हाळ्यात पेंड पडून राहण्यापेक्षा खुशीने देतो.

पहिल्यांदा बदल करताना जुनं खाद्य एकदम तोडू नये. पहिले चार दिवस पाव भाग नवं, पुढचे चार दिवस अर्धं, मग पाऊण, असं दोन आठवड्यांत पूर्ण करावं. त्या काळात रोज अंडी मोजावीत, आठवड्याला दहा अंडी एकत्र वजन करून सरासरी लिहावी. अंडी तितकीच पण आकाराने लहान येऊ लागली तर मेथिओनिन कमी पडतंय, तिळाची पेंड किलोभर वाढवावी. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या तर प्रथिनं किंवा मीठ तपासावं. कवच पातळ झालं तर खडे वेगळ्या भांड्यात मोकळे ठेवावेत, जिला लागतील ती खाईल. आणि थंडीत दिवस लहान झाल्याने अंडी घटली, तर त्याचं खापर नव्या खाद्यावर फोडू नये. कोंबडीला अंड्यासाठी चौदा-पंधरा तासांचा उजेड लागतो आणि डिसेंबरात उज्जैनला साडेदहा तासांच्या आसपासच दिवस असतो.